कामावर माणूस अंगावर आला तर…

आपल्या वस्त्यांमधून कामाला जाणाऱ्या माणसांच्या हातात पूर्वी खराटा, बादली नाहीतर काठी असायची. आता बऱ्याच जणांच्या हातात हजेरीचं रजिस्टर आलं आहे. कुणाची मुलगी खाजगी रुग्णालयात हाउसकीपिंगची सुपरवायझर आहे, कुणाचा भाऊ सिक्युरिटी एजन्सीत फील्ड ऑफिसर, कुणाची मावशी पालिकेत मुकादम, कुणाचा जावई गोदामात टीम लीडर. पगार थोडासाच वाढतो, पण अंगावर पंचवीस-तीस माणसांची जबाबदारी येते. रजिस्टर देतात, शिट्टी देतात, वॉकीटॉकी देतात. हाताखालचा माणूस भडकला तर काय करायचं, ते मात्र कुणी शिकवत नाही.

विहारात आम्ही बीपी-शुगर तपासायला बसतो तेव्हा हा विषय आडून आडून येतो. पस्तिशीची सुपरवायझर, बीपी दीडशेच्या वर. काही टेन्शन आहे का विचारलं की आधी "काही नाही" म्हणते आणि उठता उठता सांगते, "ताई, एक माणूस रोज अंगावर येतो. काढून टाकू का?" आणि असंच भांडण करून कामावरून गेलेला माणूस त्याच रांगेत चार नंबर मागे बसलेला असतो. त्याच्या घरी चूल त्याच पगारावर पेटत होती. दोघंही आपलेच. म्हणून यावेळचं पान या विषयाला दिलं आहे.

सुरुवात शब्दांपासून करू. "उद्धट", "माजलेला", "अरेरावी करतो" हे शब्द रजिस्टरमध्ये लिहू नका. आपल्या माणसांना ते फार लवकर चिकटतात. दहा बाय दहाची खोली, बाहेर डीजे, शेजारी मिक्सर, वर पत्र्यावर पाऊस. अशा घरात वाढलेल्या माणसाचा आवाज मोठाच असतो. तोच आवाज एसीच्या ऑफिसात ऐकू आला की साहेब लगेच म्हणतात, "हा माणूस ॲग्रेसिव्ह आहे." पगार का कापला म्हणून विचारणं, सलग तिसरी ड्युटी करायला नकार देणं, संतापाने रडणं, यातलं काहीही आक्रमण नाही. धमकी देणं, वाट अडवून उभं राहणं, अंगाजवळ येऊन बोट नाचवणं, वस्तू फेकणं, आईबहिणीवरून शिव्या देणं, कॉलर धरणं, हात उचलणं, बाईला एकटी गाठणं, ड्युटी सुटल्यावर मागे मागे येणं, हे आक्रमण.

नोंद करताना घडलं तेवढंच लिहा. "सकाळी साडेसात, दुसरा मजला. बादली पायाने उडवली. 'तुला बघून घेतो' म्हणाला. कुणाला हात लावला नाही. अमुक दोघी हजर होत्या." अशी नोंद चौकशीत टिकते आणि त्या माणसालाही वाचवते. वरून "काढा त्याला" असा फोन आला तर तुम्ही सांगू शकता की साहेब, बादली उडवली, माणूस मारला नाही. "उद्धट वागला" एवढंच लिहिलेलं असेल तर तुमच्याकडे सांगायला काहीच नसतं.

राग चढतो तेव्हा शरीरात ॲड्रेनलिन वाढतं. छाती धडधडते, श्वास वरचेवर होतो, स्नायू ताठ होतात, समोरच्याचं बोलणं अर्धंच ऐकू येतं. विचार करणारा मेंदू त्या वेळी मागे पडतो. तेव्हा नियम समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. हा जोर ओसरायला वीस-तीस मिनिटं तरी लागतात, तीही मध्ये कुणी तेल ओतलं नाही तर. त्या अर्ध्या तासात सुपरवायझरचं काम एकच, कुणाला इजा होऊ द्यायची नाही. कोण बरोबर, खाडा कुणाचा, कपात किती, हे सगळं नंतर.

आम्ही नर्सिंग केलेल्या बायका हे कॅज्युअल्टीत शिकलो. पेशंट दगावला की दहा-पंधरा नातेवाईक आत येतात, कुणी टेबलावर हात आपटतं, कुणी काच फोडतं. तिथे टिकणारी सिस्टर आवाज चढवत नाही आणि दाराकडे पाठ करून कोपऱ्यातही अडकत नाही. दार तिच्या बाजूला असतं आणि समोरच्यालाही बाहेर जायला वाट मोकळी असते. कामाच्या जागीही असंच उभं राहा. दोन हात अंतर ठेवा. छातीला छाती न लावता थोडं तिरकं उभं राहा. दोन्ही हात दिसू द्या, बोट दाखवू नका. आपल्याकडे समजूत काढताना खांद्यावर हात ठेवायची सवय आहे, तो हात त्या क्षणी ठेवू नका. तापलेल्या माणसाला तो धक्काच वाटतो.

"शांत हो" म्हटल्याने आजवर कुणी शांत झालेलं आम्ही पाहिलं नाही. "आवाज खाली", "तुझ्यासारखे छप्पन बघितले", "उद्यापासून येऊ नको" ही वाक्यं तर गिळूनच टाका. एरवी अरे-तुरे चालत असलं तरी त्या वेळी अहो-जाहो करा. वयाने मोठा असेल तर काका, मावशी म्हणा. लहान असला तरी दादा म्हणायला काही जात नाही. "दादा, मी ऐकतेय. इथे सगळे बघतायत, तिकडे जिन्यापाशी बोलू." बंद खोलीत मात्र जाऊ नका, माणसांच्या नजरेत राहील अशी मोकळी जागा निवडा. मग साधा प्रश्न विचारा, "किती दिवसांचा कापला? कोणत्या तारखेचा?" तारखा नि आकडे आठवू लागला की माणूस जरा भानावर येतो, हा आमचा अनुभव. बसायला खुर्ची द्या, पाणी कागदी ग्लासात द्या. गरम चहा नको, स्टीलचा ग्लासही नको.

बघ्यांना आधी पांगवा. चार जणांसमोर चढलेला माणूस चार जणांसमोर उतरू शकत नाही, त्यात त्याची इज्जत जाते. "मावशी, तुम्ही तिसऱ्या मजल्यावर जा. तू स्टोअरमधून लिक्विड घेऊन ये," असं एकेकाला काम देऊन पाठवा. मोबाइलवर शूटिंग करू देऊ नका. संध्याकाळी तो व्हिडिओ वस्तीतल्या ग्रुपवर फिरतो आणि दहा मिनिटांचं भांडण दहा वर्षांचं वैर होऊन बसतं. आजूबाजूच्या वस्तूंवर लक्ष ठेवा: ॲसिडची बाटली, वायपरचा दांडा, गोदामातला कटर, गार्डची काठी. हातातून हिसकावू नका. जवळ पडलेली असेल तर दुसऱ्याला हळूच उचलायला सांगा. बोलणारा एकच असू द्या. तीन जण तीन बाजूंनी समजावू लागले की त्याला घेरल्यासारखं वाटतं.

आणि हातात हत्यार असेल, कुणाला मारून झालं असेल, तुम्ही मागे सरकत असताना तो पुढेच येत असेल, तर बोलणं बंद. इतरांना घेऊन बाहेर पडा, मध्ये दार लावा, ११२ फिरवा. आपल्या पोरांना तिथून निघणं म्हणजे पळपुटेपणा वाटतो. त्यांनी एकदा टाक्यांच्या ट्रेसमोर उभं राहून बघावं.

आता आरोग्याच्या पानाचं खरं काम. एखादा माणूस एकाएकी भडकला, त्याचा स्वभाव तसा नसताना भडकला, तर शिस्तीच्या आधी आजार डोळ्यांसमोर आणा.

एका रुग्णालयात हाउसकीपिंगच्या एक मावशी होत्या, पंचावन्नच्या आसपासच्या, कुणाशी कधी भांडण नाही. एके दिवशी अकराच्या सुमाराला त्यांनी मॉप फेकला आणि सुपरवायझरला ऐकवत नाहीत अशा शिव्या दिल्या. "पिऊन आलीय" म्हणत त्यांना गेटकडे न्यायची तयारीही झाली. एका सिस्टरने जवळून पाहिलं. ब्लाउज घामाने भिजलेला, हात थरथरतायत, जीभ अडखळतेय. शुगरची गोळी पहाटे घेतली होती आणि पोटात काही नव्हतं, कारण शिफ्ट सातची आणि लोकल त्याआधीची. ग्लुकोमीटरवर आकडा आला ४८. साखरपाणी दिलं. वीस मिनिटांनी मावशी विचारत होत्या, "मी काही बोलले का गं?"

रक्तातली साखर ७० च्या खाली उतरली की घाम, थरथर, चिडचिड, गोंधळ सुरू होतो. इन्सुलिन घेणाऱ्यांत आणि ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड अशा गोळ्या घेणाऱ्यांत हे जास्त होतं. माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या. पंधरा मिनिटांत फरक नाही पडला तर पुन्हा द्या, मग बिस्कीट, पोळी, काहीतरी खायला द्या. साखर कमी झालेली नव्हती असं नंतर निघालं तरी तेवढ्या साखरेने मोठं नुकसान होत नाही. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. तुमच्या टीममध्ये शुगरवाले कोण, हे आधी माहीत करून घ्या आणि त्यांना नाष्ट्याची पंधरा मिनिटं द्या. हेडऑफिसची परवानगी मागत बसू नका.

दारूचं दोन प्रकारे होतं. एक सगळ्यांना कळतं: पिऊन आलेला. त्याच्याशी वाद घालू नका, त्याच्याकडून कबुली मागू नका. उंचीवरचं, मशीनचं, गाडीचं काम देऊ नका. एकट्याला बाइकवर घरी पाठवू नका, घरच्या कुणाला तरी बोलवा. बोलणं दुसऱ्या दिवशी. दुसरा प्रकार फारसा कुणाला माहीत नसतो, तो म्हणजे दारू सोडलेला. आपल्याकडे वर्षावासात, जयंतीला, आईच्या शपथेवर माणसं एका दिवसात सोडतात. निर्णय चांगलाच. पण रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली की सहा तासांपासून एका दिवसाच्या आत हात कापायला लागतात, घाम फुटतो, माणूस फार चिडचिडा होतो. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना नसलेली माणसं, किडे दिसू लागतात, वेळकाळ कळत नाही आणि घाबरून ते समोरच्यावर धावून जातात. उपचार न मिळाल्यास यात जीव जातो. अशा माणसाला "आता सोडली तर डोक्यात गेलीय" म्हणून हसू नका, सरकारी रुग्णालयात न्या. डॉक्टरच्या देखरेखीखाली गोळ्या आणि बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देऊन ही दारू सुरक्षित सुटते.

उन्हाळ्यात, विशेषतः नागपूर-चंद्रपूरकडे, गेटवरचा गार्ड किंवा रस्त्यावरचा सफाई कामगार दुपारी अचानक असंबद्ध बरळायला, शिव्या द्यायला लागला आणि अंग भट्टीसारखं तापलेलं असेल तर तो उष्माघात समजा. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, वारा घाला, काखेत नि जांघेत बर्फ ठेवा आणि १०८ बोलवा. यात मिनिटांचा हिशोब असतो.

महिन्याभरापूर्वी बाइकवरून किंवा शिडीवरून पडलेला माणूस तेव्हापासून डोकं धरून बसत असेल, झोपाळू झाला असेल, कारण नसताना खेकसत असेल तर डोक्यात हळूहळू रक्त साचलेलं असू शकतं. सिटी स्कॅन लागतो. थायरॉइड वाढलेली माणसंही चिडतात. सोबत धडधड, हात कापणं आणि खाऊनपिऊन वजन उतरणं असतं. काही औषधंही हे करतात. टीबीच्या उपचारातलं आयसोनियाझिड, औषधाला दाद न देणाऱ्या टीबीसाठी दिलं जाणारं सायक्लोसेरिन, फिटसाठीचं लेव्हेटिरॅसिटॅम, स्टेरॉइडच्या गोळ्या. या सर्वांनी काही पेशंटांचा स्वभाव बिघडतो, भास होतात, संशय येतो. गोळी मनाने बंद करायची नाही. टीबीची अर्धवट सोडली तर आजार परत उलटतो, फिटची एकदम सोडली तर आकडी येते. ज्या डॉक्टरने दिली त्याला सांगायचं की असं असं होतंय.

मनाच्या आजारात बदल बहुधा हळूहळू येतो. आठवडे-महिने झोप उडालेली, अंघोळ नाही, एकटाच पुटपुटतो, "सगळे माझ्यावर पाळत ठेवतात" म्हणतो. त्याच्या संशयावर वाद घालू नका आणि हो ला हो पण करू नका. "तुम्हाला भीती वाटतेय हे दिसतंय मला," एवढं म्हणता येतं. घरच्यांशी बोला, जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत न्यायला सांगा. टेली-मानस ही केंद्र सरकारची हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, फुकट, दिवसरात्र, मराठीतही बोलतात. सुपरवायझरनेही तिथे फोन करून विचारायला हरकत नाही. बाहेरचं झालंय म्हणून कुठे नेऊ नका, हे आपल्या घरांत वेगळं सांगायला नको, पण सांगतो. आणि मानसिक आजार म्हणजे मारका माणूस, ही समजूत खोटी आहे. बहुतेक मनोरुग्ण कुणावर हात उचलत नाहीत. उलट तेच मार खातात.

तुम्ही डॉक्टर नाही. आजाराचं नाव ठेवायचं नाही, दिसलं ते सांगायचं. आणि कुणाला टीबी आहे, कुणी कसली गोळी घेतं, ही गोष्ट रजिस्टरमध्ये किंवा ग्रुपवर जाता कामा नये. आम्हाला असा एक मुलगा माहीत आहे ज्याची टीबीची फाइल टीममध्ये फिरली आणि त्याने गोळ्याच सोडल्या, लपवणं सोपं पडावं म्हणून.

प्रत्येक वेळी कारण शरीरात नसतं. एका महिन्यात तीन वेगवेगळी माणसं एकाच पाळीत भडकली असतील तर माणसं बाजूला ठेवा आणि पाळी तपासा. रिलिव्हर वेळेवर येतो का? बारा तासांची ड्युटी करून माणूस तिथेच पुढची चार तास थांबतोय का? सलग सतरा-अठरा तास जागा असलेला माणूस थोडी दारू प्यायल्यासारखाच असतो. चुका करतो आणि पटकन पेटतो. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांच्या काळात, १९४६ च्या कारखाना कायदा दुरुस्तीने, बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. आज आपलाच पोरगा गेटवर आठवड्याला ७२-८४ तास उभा राहतो आणि आपण त्याला "तुझा स्वभाव तापट" म्हणतो. गार्डला खुर्ची नाही, बायकांना कपडे बदलायला जागा नाही, लघवीला जायला परवानगी मागावी लागते. माणसाच्या अंगात विस्तव असतो तो इथून येतो.

यातलं बरंचसं सुपरवायझरच्या हातात नसतं, हे आम्हाला माहीत आहे. वर ठेकेदार, खाली कामगार, मध्ये तुम्ही. तरी दोन गोष्टी हातात आहेत. एक, कपात कशी सांगायची. पगाराच्या दिवशी गेटवर सगळ्यांसमोर "तुझे चार खाडे" असं ऐकवलं की भांडण ठरलेलंच. आदल्या दिवशी बाजूला घेऊन, रजिस्टर समोर ठेवून सांगा आणि त्याचं म्हणणं वेगळं असेल तर ते लिहून घ्या. दोन, वर लेखी कळवायचं. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत व्हायला हवा आणि ठेकेदाराने तो दिला नाही तर मूळ मालकाची तो द्यायची जबाबदारी असते. "दहा तारीख उलटली, पगार नाही, कामगारांत असंतोष आहे, काही अनुचित घडल्यास कळविल्याची नोंद असावी," अशी दोन ओळींची चिठ्ठी किंवा मेल पाठवून ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवलं तरी चालेल, फक्त डिलीट करू नका.

आणि काही माणसं आजारीही नसतात, नाडलेलीही नसतात. त्यांना दमदाटी जमते म्हणून ती करतात. आम्ही एक बघतो: हा माणूस साहेबांसमोरही असाच भडकतो का? साखर उतरलेल्या माणसाला समोर कोण आहे ते कळत नाही. दमदाटी करणाऱ्याला मात्र चांगलं कळतं. तो नव्या पोरीवर, विधवेवर, बदली कामगारावर आवाज चढवतो आणि मॅनेजर आला की "गुड मॉर्निंग सर" म्हणतो. इथे साखरपाणी उपयोगाचं नाही. इथे नोंद, मेमो, चौकशी. बाईला त्रास असेल तर दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणी २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती हवी. नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. अशी प्रकरणं विहारात बसून मिटवायला आमच्याकडेही आणतात. आम्ही मिटवत नाही. तिला कागद लिहायला मदत करतो.

कधी भडकणारा सवर्ण असतो आणि सुपरवायझर आपली. "तुमच्याकडून ऑर्डर घ्यायची वेळ आली आमच्यावर" इथपासून थेट जातीच्या नावापर्यंत मजल जाते. चार लोकांच्या देखत जातीवरून हेतुपुरस्सर केलेला अपमान १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे. शब्द जसेच्या तसे, वेळ, जागा, साक्षीदारांची नावं त्याच दिवशी लिहून ठेवा. चिडून उलट शिवी दिली की आपली बाजू लंगडी पडते. हे सांगणं सोपं आहे आणि पाळणं किती जड जातं, ते आम्हाला ठाऊक आहे.

सगळ्यात अवघड प्रसंग मात्र आपल्याच गल्लीतला. मेमो दिला तो मुलगा नात्यातला निघतो. संध्याकाळी त्याची आई नळावर गाठते, "आपल्याच माणसाने आपल्या पोराच्या पोटावर पाय दिला." अशा वेळी सुपरवायझर एकतर प्रकरण दाबते, नाहीतर मी निःपक्षपाती आहे हे साहेबांना दाखवायला जास्तच कडक होते. दोन्हींत कुणाचं तरी वाटोळं होतं. कामावरचं कामावर, हे आधीच घरी नि गल्लीत सांगून ठेवा. आणि "उद्यापासून येऊ नको" हे वाक्य उच्चारायचा अधिकार बहुतेक सुपरवायझरला नसतोच. आरोप लेखी द्यावा लागतो, उत्तराला संधी द्यावी लागते. जिथे स्थायी आदेश लागू आहेत तिथे चौकशी होईपर्यंत निलंबित केलं तर पहिले ९० दिवस निम्मा निर्वाह भत्ता मिळतो, चौकशी त्याच्या चुकीशिवाय लांबली तर पुढे ७५ टक्के. ज्याला काढलं त्याने हिशोबाच्या कागदावर सही करण्याआधी युनियनला किंवा वकिलाला दाखवावा.

भडकलेला माणूस दुसऱ्या दिवशी कामावर येतो तेव्हा तो बहुधा खाली मान घालून येतो. तेव्हाच बोला, पाळी सुरू होण्याआधी, दोघंच, उघड्या दाराशी. "काल तुम्ही बादली उडवली. माझ्या पायाला लागली असती. असं पुन्हा चालणार नाही. आता सांगा, झालं काय होतं?" पहिलं वाक्य घडलेल्या गोष्टीचं, शेवटचं त्याला बोलायला वाट देणारं. मग गप्प राहा. घरात आजारपण, सावकाराचा तगादा, पोरीची फी, काहीतरी बाहेर येतं. सगळं तुम्ही सोडवू शकत नाही. ड्युटी बदलून देणं, दोन दिवस आराम, तपासणीला जायला सुट्टी, एवढं जमतं. ठरलं ते तारखेसह लिहा, त्याची सही घ्या, एक प्रत त्याला द्या. माफी सगळ्यांसमोर मागायला लावू नका.

मार खाल्लेल्या सुपरवायझरकडे कुणी बघत नाही. लागलं असेल, साधं खरचटलं असेल तरी त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा. कुणी, कशाने, किती वाजता मारलं ते डॉक्टरला सांगा आणि तशी नोंद करायला लावा. दोन दिवसांनी सूज उतरल्यावर कागद मिळत नाही. रुग्णालयात काम करणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २०१० चा वेगळा कायदाही आहे. पहिल्या काही रात्री झोप न लागणं, तो माणूस दिसला की पोटात गोळा येणं, घरी पोरांवर खेकसणं, हे होतंच. मैत्रिणीशी बोला, नवऱ्याला किंवा बायकोला खरं काय ते सांगा. दोन आठवडे उलटूनही तसंच राहिलं तर वर दिलेला १४४१६ नंबर तुमच्यासाठीही आहे. आणि रुग्णालयाच्या त्या कागदाची झेरॉक्स घरी ठेवा, मूळ प्रत कंपनीच्या फाइलला लावू नका.